मला दिसलाच नाहीत तुम्ही

९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तुझे सहा फोन येऊन गेले. उचलले नाहीत, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि सध्या माझी वाक्यं फार हळू येतात. म्हणून लिहिते आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

शुक्रवारी सकाळी साडेआठच्या सुमारास दुकानात जाताना माझ्या गाडीची एका माणसाला धडक बसली. मला काहीही झालेलं नाही. गाडीचा डावा दिवा फुटला. त्याचा उजवा गुडघा मोडला.

सिमेंट-टाइल्सचं मोठं दुकान आहे ना, जिथे रस्ता जरा अरुंद होतो, तिथे. मालाच्या दोन गाड्या कडेला उभ्या होत्या. तो डावीकडून रस्ता ओलांडत होता. फरशी बसवण्याचं काम करतो. पन्नाशीचा असेल. हातात बादली होती, तीत करणी आणि रबरी हातोडी. ती बादली गडगडत पार समोरच्या फुटपाथपर्यंत गेली आणि मी तिच्याकडेच बघत राहिले. माणूस खाली पडला आहे आणि मी बादली बघते आहे. मग उतरले. तो रस्त्यावर बसूनच होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून. मी म्हणाले, "मला दिसलाच नाहीत तुम्ही." तो म्हणाला, "बाई, माझीच घाई झाली. मी बघायला हवं होतं." मी त्यावर काही बोलले नाही.

लोक जमले, त्यांनीच त्याला दवाखान्यात नेलं. मी मागून रिक्षानं गेले. त्याची बायको आली, तेव्हा मी बाकावर बसले होते. तिनं मला नर्स समजून बाथरूम कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं.

घरी येऊन वरणभात केला, जेवले, भांडी घासली. झोपही लागली. तुला काळजी वाटू नये म्हणून हे लिहायला घेतलं होतं, पण लिहिल्यावर तेच जरा चमत्कारिक वाटतंय.

विमा कंपनीचा कागद आला आहे. घटनेचं वर्णन आपल्या शब्दांत लिहा, असं त्यात म्हटलंय. काय लिहू ते कळव. तुझं अख्खं आयुष्य असले कागद वाचण्यात गेलंय.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं. मी तुला वाक्य पुरं करू देत नाही हा आरोप मान्य. तुझ्या वहिनीनं तर तो मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला.

आता नीट ऐक. तेवीस वर्षं मी क्लेमच्या टेबलावर बसतोय. तुझी कंपनी वेगळी, माझी वेगळी, पण कागद सगळीकडे सारखाच. माणसं अपघातानं बुडत नाहीत ताई, अपघातानंतर जे बोलतात त्यानं बुडतात. "माझी चूक झाली" हे तीन शब्द कुठेही लिहायचे नाहीत. भल्या माणसाला सवय असते, कोणाचा धक्का लागला तरी आपणच सॉरी म्हणायचं. तुला तर ती लहानपणापासून आहे. शेजाऱ्यांची काच मी फोडली आणि माफी तू मागून आलीस. पॉलिसीत स्पष्ट अट असते, की कंपनीला विचारल्याशिवाय दोष कबूल करायचा नाही. केला, तर कंपनी हात वर करू शकते.

सुदैवानं तू तसं काही बोललेली नाहीस. "मला दिसलाच नाहीत तुम्ही" हे वाक्य उत्तम आहे. याहून चांगलं मलाही सुचलं नसतं. दोन उभ्या गाड्यांच्या मधून माणूस अचानक आला, दिसणार कसा? तेच लिही. वेग किती होता, दिवा कुठला फुटला, उजेड कसा होता, एवढं लिही आणि थांब. चौकशीला कंपनीचा सर्व्हेअर येईल, तो गोड बोलेल. गोड बोलणं हे त्याचं कामच आहे. विचारेल तेवढंच सांगायचं.

आणि त्या फरशीवाल्यानं स्वतःच्या तोंडानं घाई झाली म्हणून सांगितलंय. ते चार लोकांनी ऐकलं असेल तर प्रश्नच मिटला.

तू जेवलीस, झोपलीस, यात चमत्कारिक काही नाही. धक्का बसल्यावर माणूस असाच वागतो. आठ-दहा दिवसांत येशील ताळ्यावर. वाटलं तर मी चार दिवस रजा काढून येतो.

गुंड्या


२ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

येऊ नकोस. खरंच गरज नाही.

तू सांगितलंस तसं लिहिलं. सर्व्हेअर आला होता. तू म्हणालास तसा गोड नव्हता, त्याला सर्दी झाली होती. सारखा नाक पुसत होता. त्यानं विचारलं, "समोरचा माणूस तुम्हाला कधी दिसला?" मी म्हणाले, "आवाज आल्यावर." त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे एकदम समोर आला." मी म्हणाले, "मला तो आधी दिसला नाही." तो म्हणाला, "तेच ते." आणि सही घेतली.

फरशीवाल्याचा जबाब त्यानं आधीच आणला होता. मला दाखवला. दवाखान्यातल्या खाटेवर लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं. लिहिलंय, "मी गाड्यांच्या मधून घाईत निघालो. उजवीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. बाईंचा वेग जास्त नव्हता." खाली सही. त्याला हे लिहायला कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. सर्व्हेअर म्हणाला, "असा सरळ माणूस हल्ली मिळत नाही." आणि पुन्हा नाक पुसलं.

गाडी दुरुस्त होऊन आली आहे. खाली उभी आहे. मी चालत जाते दुकानात, पस्तीस मिनिटं लागतात. मालक विचारतात, मी सांगते व्यायाम म्हणून. दिवसाला बारा-पंधरा माणसं तपासते. वरून तिसरी ओळ वाचा, आता हे बरं की ते बरं, असं तोंडातून आपोआप येत राहतं. लायसन्सवाल्यांना नजरेचं प्रमाणपत्र देण्याचं काम तेवढं मी मालकांवर सोपवलंय. मनगट दुखतं म्हणून सांगितलं.

बाकी ठीक आहे. रडूबिडू येत नाही. तू विचारलं नव्हतंस, पण वहिनी विचारील.

ताई


११ मार्च

ती. ताईस सा. न.

एक चांगली बातमी. तुझी फाइल बंद झाली. मोठा दोष त्याचा, थोडा तुझा, असं ठरलं. त्याला एकूण भरपाईचा तिसरा हिस्सा मिळेल आणि तो कंपनी देईल. तुझा हप्ता पुढच्या वर्षी किंचित वाढेल, बस. इतक्या लवकर फायली हलत नाहीत, पण हलली.

त्याचा जबाब वाचून मलाही जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आपण त्याला लिहायला लावलं नाही. उद्या त्यानं वकील गाठून तुझ्यावरच सगळं ढकललं असतं तर? तशीही माणसं रोज बघतो मी.

आता गाडी चालवायला लाग. जितके दिवस टाळशील तितकी भीती बसेल. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मार. मनगटाला शेक दे.

गुंड्या


१४ जून

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तीन महिने तुला काही लिहिलं नाही. फोनवर "बरं आहे" म्हणत राहिले आणि तू ते चालवून घेतलंस. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस.

मंगळवारी दुपारी फरशीवाले दुकानात आले. बगलेत कुबडी होती. मला वाटलं, आता हे भांडणार. ते म्हणाले, "डोळे तपासायचेत. दुसरं कुठलं दुकान माहीत नाही, तुमचं ठाऊक होतं म्हणून आलो."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. विचारलं, "काय त्रास होतो?"

"त्रास काही नाही. बायकोनं पाठवलंय. चार महिने झाले, रोज एकदा तरी म्हणते, एवढी मोठी गाडी येत होती, डोळे कुठे होते तुमचे? मलाही वाटायला लागलं, काहीतरी बिघाड असेल. नाहीतर गाडी दिसणार नाही असं कसं होईल?"

"गुडघा कसा आहे?"

"चालतं कसंबसं. टेकता येत नाही. आमचं काम सगळं गुडघ्यावर." हे त्यांनी वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं सांगितलं.

मी त्यांना तक्ता वाचायला दिला. शेवटची ओळ वाचली, तीही घाई न करता. आतला पडदा बघितला, स्वच्छ. मग मोठ्या यंत्रावर बसवलं. तू ते यंत्र बघितलेलं नाहीस. हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात बघायचं, नजर मध्यभागी ठेवायची, आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. माणसाला बाजूचं किती दिसतं ते त्यावर कळतं. त्यांनी एकही ठिपका चुकवला नाही. फरशी बसवणाऱ्याची नजर, एका सुताचा उतार दिसत असेल त्यांना. कागद छापून आला, सगळा कोरा. कोरा म्हणजे उत्तम.

मी म्हणाले, "तुमचे डोळे चांगले आहेत."

ते कागद बघत बसले. मग म्हणाले, "मग मला गाडी का नाही दिसली?"

गुंड्या, त्यांना दिसली असेल. किंवा ते खरंच घाईत असतील. ते मला ठाऊक नाही. पण मला ते का दिसले नाहीत, ते मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे अपघाताच्या नऊ महिने आधी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी त्याच यंत्रावर माझी तपासणी केली. डाव्या डोळ्याचा कागद मधल्या वाटीएवढ्या जागेखेरीज काळा आला. काचबिंदू. मधलं स्वच्छ दिसतं म्हणून सुई ओवता येते, पेपर वाचता येतो. पण डाव्या बाजूनं काही आलं तर ते माझ्यासाठी नसतंच. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरकडे गेले नाही. इतरांना मी त्याच दिवशी पाठवते. मला वाटत होतं, गेले की नोकरी गेली. डिसेंबरमध्ये लायसन्सचं नूतनीकरण आलं, तेव्हा मालकांसमोर तक्ता वाचला. तक्ता मला तोंडपाठ आहे, आणि पाठ नसता तरी वाचता आला असता. बाजूचं कोणी तपासत नाही. खाली एक ओळ असते, 'दृष्टीचा कोणताही आजार नाही', तिच्यापुढे मी सही केली.

तर मी तुला पहिल्या पत्रात लिहिलेलं वाक्य खरं होतं. सर्व्हेअरला सांगितलं तेही खरंच होतं. तुम्ही सगळ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतलात, आणि मी तो घेऊ दिला.

फरशीवाल्यांना त्या दिवशी मी काहीही सांगितलं नाही. तपासणीची फी घेतली नाही, एवढंच. त्यांनी आभार मानले.

मी हे कंपनीला लिहून देणार आहे. काय होईल ते सांग. आडवळणानं नको, सरळ सांग.

ताई


१८ जून

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोन केला नाही.

सरळ सांग म्हणालीस, तर सांगतो. तू लिहून दिलंस की सगळा दोष तुझ्यावर येईल. फाइल पुन्हा उघडेल. त्याला पूर्ण भरपाई मिळेल, पण कंपनी ती त्याला देऊन तुझ्याकडून वसूल करेल, कारण आजार लपवून तू अट मोडलीस. पॉलिसी रद्द होईल, आणि यापुढे कोणी तुला विमा देणार नाही. लायसन्स जाईल. खोटी सही केल्याबद्दल चौकशी होईल ती वेगळीच. दुकानातली नोकरीही जाईल. गाडी विकावी लागेल आणि तेवढ्यानं भागणार नाही. राहती जागासुद्धा विकावी लागेल.

न लिहिलंस तर काहीही होणार नाही. फाइल बंद आहे. तुझ्या पर्समधल्या कागदाबद्दल जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. गाडी चालवणं सोड, डॉक्टरकडे जा, आणि त्या माणसाला काही मदत करायची असेल तर गुपचूप कर, मी अर्धा वाटा उचलतो. क्लेमच्या टेबलावरून कोणालाही मी हाच सल्ला दिला असता.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पत्र पाकिटात घातलं, चिकटवलं नाही. आज पुढचं लिहितोय.

तुझी फाइल लवकर हलली म्हणालो होतो. ती आपोआप हलली नाही. ती ज्याच्या टेबलावर होती त्याच्याबरोबर मी पूर्वी एका ऑफिसात होतो. त्याला फोन केला. बहिणीची केस आहे म्हणालो. त्याच्या मनात अर्धा-अर्धा दोष धरायचं होतं, कारण तिथे उभ्या गाड्या असतात हे तुला रोजचं ठाऊक होतं. मी म्हणालो, माणसानं स्वतः लिहून दिलंय, मग अर्धा कशाला? तो हसला आणि म्हणाला, तुझा मुद्दा बरोबर आहे. दोन मिनिटांचा फोन होता. त्यानंतर मी जेवायला गेलो.

म्हणजे त्या फरशीवाल्याचा हिस्सा मी कमी केला. तुला काही माहीत नसताना. आणि मीही नीट झोपत होतो, ताई.

आता तुला काय सांगू ते मला कळत नाही. लिही किंवा लिहू नकोस. तू लिहिलंस तर मी त्या फोनबद्दल माझ्या साहेबांना सांगेन. वहिनीला अजून काही बोललेलो नाही.

गुंड्या


५ जुलै

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी कंपनीला लिहून दिलं होतं. मे महिन्याचा कागद सोबत जोडला. काउंटरवरच्या मुलीनं तो उलटसुलट बघून विचारलं, "हा कसला नकाशा आहे?" मी म्हणाले, डोळ्याचा. तिनं शिक्का मारून पोच दिली.

तू लिहिलेलं बहुतेक सगळं तसंच होतंय. लायसन्स जमा केलं. मालकांनी मला काढलं नाही, पण तपासणीच्या खोलीत जायचं नाही, फ्रेम दाखवायच्या, असं ठरलं. ते माझ्याशी नम्रपणे बोलतात, पूर्वी बोलायचे त्याहून जास्त. डॉक्टरांकडे जाऊन आले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, रोज दोनदा थेंब. तू साहेबांना सांगितलंस हे वहिनीच्या फोनवरून कळलं. तुझं काय होईल ते तू मला सविस्तर लिही, "बरं आहे" लिहू नकोस.

आता त्यांच्या घरचं सांगते.

कंपनीचं पत्र त्यांना जायच्या आत आपण जावं असं वाटलं, म्हणून रविवारी सकाळी गेले. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, दार थेट रस्त्यावर उघडतं. ते उंबऱ्यावर पाय लांब करून बसले होते. घरात फरशी नाही, नुसता सिमेंटचा कोबा. मी बघते आहे हे बघून म्हणाले, "सगळ्या गावाचं करून झालं की आपलं करू म्हणत राहिलो."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी क्रम चुकला. सही आधी सांगितली, डोळा नंतर. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "मला त्या यंत्रावर बसवलंत, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी विचारलं, गाडी का नाही दिसली. तेव्हाही?"

"तेव्हाही."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. समोरच्या घराच्या गच्चीवर एक बाई गालिचा झटकत होती, ते मी बघत होते.

मग मी म्हणाले, "भरपाई पूर्ण मिळेल तुम्हाला."

"ते कंपनी बघेल," ते म्हणाले. "तुम्ही आत जा आणि हे तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी सबब शोधून आणली."

मी त्यांचे पाय ओलांडून आत गेले. त्यांची बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मला ओळखलं नाही. मी सांगितलं, दवाखान्यात बाकावर बसले होते ती मीच. मग पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी क्रम बरोबर आला. ती ऐकता ऐकता घड्या घालत होती. शर्टाची एक बाही आत, दुसरी बाही आत. मी "त्यांची चूक नव्हती" म्हणाले, तेव्हा तिचा हात थांबला.

"त्यांनीच लिहून दिलंय की घाई झाली," ती म्हणाली.

"घाई झाली असेल. पण कोणीही बघून गाडी थांबवली असती. मला तेवढं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे ठाऊक असून मी चालवत होते."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "या चार-पाच महिन्यांत मी त्यांना काय काय बोलले, तुम्हाला कल्पना आहे?"

मी नाही म्हणाले.

"आंधळे आहात का म्हणाले. मुलांसमोर. पाहुण्यांसमोर. परवा ते पाण्याचा तांब्या शोधत होते, तेव्हाही मी म्हणाले. ते कधी उलटून बोलले नाहीत. डोळे तपासून आले तो कागद दाखवायला लागले, तर मी म्हणाले, कागदाला काय विचारता." तिनं तो शर्ट उचलला, घडी मोडली आणि पुन्हा घालायला लागली. ती तिला जमेना. "तुम्ही पैसे द्याल. द्यायलाच हवेत. पण हे मी परत कसं घेऊ?"

तिनं वाट बघितली, मग शर्ट तसाच टाकून ती बाहेर गेली. मी दाराशी आले. ती त्यांच्यामागे उभी होती. म्हणाली, "सरका जरा."

ते सरकले. ती उंबऱ्यावर त्यांच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावरची सिमेंटची धूळ पुसायला लागली. धूळ नव्हती तिथे. त्यांनी पुसू दिलं.

दार तेवढंच एक होतं आणि त्यात ती दोघं बसली होती. "जरा वाट द्या" म्हणायला माझं तोंड होईना. मी आत उभी राहिले, त्यांच्या घरात, अर्ध्या घडीच्या कपड्यांपाशी, ती उठेपर्यंत.

तुझी,
ताई